हाताला शेवटी कळू दे

माझ्या आठवणीत माणसांचे चेहरे फारसे राहिलेले नाहीत. टवके राहिले आहेत. गोल्फचा चेंडू गवतावरून मारताना काठीचं लोखंड जमिनीला घासतं आणि तळहाताएवढा गवताचा टवका उडतो. तो उचलून परत जागेवर बसवायचा, सापडला नाही तर खड्ड्यात माती आणि बी भरायचं, वरून पायानं दाबायचं. हे काम मी पाच वर्षं केलं. साहेब लोक चेंडूच्या मागे पुढे निघून जायचे आणि मी वाकून त्यांच्या मागे.

पाच वर्षं एकच गोष्ट बघितली की गाढवालाही त्यातलं कळायला लागतं. टवका चेंडूच्या जागेपुढे निघाला असेल तर फटका नीट बसला: लोखंड आधी चेंडूला लागलं, मग जमिनीला. टवका चेंडूच्या मागे निघाला असेल तर माणसानं घाई केली, काठी खाली आणताना सगळा जोर हातांनी लावला. एक जाडे वकील होते, त्यांचा टवका चेंडूच्या चार बोटं मागे आणि चांगला भाकरीएवढा निघायचा. पुष्कळदा चेंडूपेक्षा जमीनच लांब जायची. मी ते बघून मनात हसायचो, कारण मोठ्यानं हसायला जवळ कोणी नसायचं.

एकटेपणाचं कारण साधं होतं. साहेबांच्या काठ्या वाहणारे कॅडी सगळे मैदानाच्या आसपासचे, हिंदी बोलणारे, दुपारी झाडाखाली पत्ते कुटणारे. माळी देशावरच्या एकाच गावचे, एका चुलीवर जेवणारे. खाडीपलीकडून आलेला मी एकटा. माझं 'हाय' आणि 'पानी' ऐकून त्यांना हसू यायचं, म्हणून मी बोलणं कमी केलं. बोलणं कमी केलं तर मला शिष्ट म्हणायला लागले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. दिवसच्या दिवस असे जायचे की संध्याकाळी कुणाकडे काडेपेटी मागायला तोंड उघडलं तर माझाच आवाज मला घोगरा वाटायचा. हत्यारांच्या शेडला लागून मला एक खोली दिली होती. खिडकीतून खाडी दिसायची आणि खाडीपलीकडं आमच्या बाजूचे डोंगर. ते रोज दिसायचे म्हणून जास्त राग यायचा.

माझं गाव शिरवणे, नेरूळला लागून. त्या काळी नेरूळ म्हटलं की स्टेशन नव्हे, खाडीकाठचं गाव डोळ्यांपुढे यायचं. नेरूळहून मचवा सुटायचा, भरती सांगेल त्या वेळेला. मैदान सोमवारी बंद असे. रविवारी संध्याकाळचं पाणी साधून मी घरी जायचो आणि मंगळवारी सकाळी परत यायचो. घरी फक्त बाबा. आई मी शाळेत असतानाच गेली, बहीण तळोज्याला दिलेली. बाबा पावसात खारातलं भात करायचा, उन्हाळ्यात मिठागरावर जायचा आणि मधल्या दिवसांत खाडीत जाळं टाकायचा. हे हातानं फेकायचं जाळं, गोल, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. एकट्यानं टाकायचं, एकट्यानं ओढायचं.

मी सातवी पास होऊन टवके भरायला गेलो हे त्याला कधी पटलं नाही. तोंडावर तो काही बोलला नाही. मचव्याच्या तांडेलाला मात्र म्हणाला होता, "दुसऱ्यानं उकरलेली माती भरतो माजा पोर." तांडेलानं ते मला लगेच सांगितलं. मचवा हेच आमचं टपालखातं होतं, आणि त्यात पाकिटं बंद नसायची. मग सोमवारी आम्ही दोघं समोरासमोर जेवायचो, भरतीची वेळ बोलायचो आणि गप्प बसायचो. दोन मुक्या माणसांत एक जेवण.

मैदानावर खेळ शिकवणारा एक म्हातारा होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. एकदा मी वकीलसाहेबांचा खड्डा भरत असताना तो मागे येऊन उभा राहिला.

"किसका है, बता," तो म्हणाला.

"वकीलसाब का," मी म्हटलं. "पूरा वजन पिछले पैर पर रह गया."

तो हसला. पुढचे आठ दिवस जाता-येता तो मला असले टवके दाखवून विचारायचा आणि मी सांगायचो. त्याचा मदतनीस नोकरी सोडून गेला होता. शेवटी एक दिवस त्यानं एक जुनी सात नंबरची काठी माझ्या हातात दिली. रोज संध्याकाळी मारत जा, होळीनंतर सेक्रेटरीसाहेबांसमोर तुझे दहा चेंडू बघू, बसले तर माझ्या हाताखाली ये, असं म्हणाला.

पगार थोडा वाढला असता. पण खरं सांगतो, मला पगारासाठी ते काम नको होतं. उस्तादाचा मदतनीस सकाळपासून माणसांत असायचा. लोक त्याला नमस्कार करायचे, काही विचारायचे, तो सांगायचा, ते ऐकायचे. मला कुणाशी तरी बोलायचं होतं. एवढंच. वयाच्या चोविसाव्या वर्षी मला जगाकडून एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी एका पांढऱ्या चेंडूला लोखंड नीट लागणं भाग होतं.

ते काही लागेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वकिलांना हसणारा मी, माझा टवका चेंडूच्या वीतभर मागे. का, तेही मला कळत होतं. आमच्याकडे भात झोडतात, म्हणजे पेंढी डोक्यावर नेऊन फळीवर आपटतात. खांद्यातून, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. लहानपणापासून मी तेच केलेलं. काठी वर गेली की माझ्या हातांना ती पेंढीच वाटायची. उस्ताद म्हणायचा, हात रोक. हात रोखले की चेंडू तीन पावलं सरपटायचा. खाली येताना आधी काय हलवायचं हे त्यालाही सांगता येत नव्हतं. तो करून दाखवायचा, पण क्षणात संपायचं. चूक ठाऊक असून सुटत नाही याची चीड मला इतकी यायची की एकदा मी काठी खाडीच्या दिशेनं भिरकावली, आणि मग अर्धा तास चिखलात ती शोधत बसलो.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी मी बाबाबरोबर टोपली धरायला खाडीत गेलो. ओहोटी लागली होती, काठचा चिखल ताजा, मऊ. बाबानं जाळं टाकलं, ओढून घेतलं आणि चार पावलं पुढे गेला. तो उभा होता तिथं त्याचे ठसे राहिले. मी टोपली घेऊन मागून आलो आणि थांबलो. उजव्या पायाची नुसती बोटं उमटली होती, टाच उचललेली. डावा ठसा खोल, टाचेकडे जास्त खोल, आणि जागच्या जागी फिरलेला.

मी टवके वाचणारा माणूस. मला ते वाचता आलं. मान वर करून पाहिलं तर बाबा पुढचं जाळं टाकायच्या तयारीत होता. जाळ्याचा एक काठ दातांत, काही भाग डाव्या कोपरावर, बाकीचं उजव्या हातात. अंग उजवीकडे वळलं, आणि मग हात मागेच असताना डावा पाय दाबला गेला, कंबर पुढे निघाली. हात सगळ्यात शेवटी आले, जणू त्यांना कुणी नंतर बोलावलं. जाळं पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडलं.

"बाबा, परत टाक ना," मी म्हटलं.

त्यानं वळून बघितलं. "कशाला? मासं नाय तितं."

"पाय कसा टाकतोस ते बगाचंय."

त्यानं जाळं ओढून हातात घेतलं. जाळ्यातून पाणी निथळत होतं. "शिकाचं हाय तुना?" त्यानं विचारलं.

मी "हां" म्हणालो. शिकायचं तर होतंच. कशासाठी ते मी सांगितलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्याचा चेहरा असा काही उजळला होता की ते वाक्य मी गिळलं. पोरगा परत येतोय असं त्याला वाटलं, आणि मी ते वाटू दिलं.

त्या दिवसापासून बाबा बोलायला लागला. मला ठाऊकच नव्हतं की त्याच्याजवळ इतकं बोलणं साठलेलं आहे. कुठल्या वाऱ्याला मासा काठाला येतो, त्याच्या बापानं त्याला कसं शिकवलं, आईला कुठली मासळी आवडायची. सगळं जाळं टाकण्याच्या निमित्तानं. आमच्या घरची रीत अशी की एकाचं जाळं दुसऱ्यानं टाकायचं नाही. ज्याचं त्याच्या हातांच्या मापाचं असतं. म्हणून तो माझ्यासाठी नवं विणायला बसला. मला भिंतीला टेकवून त्यानं हात पसरायला लावले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत दोरी धरून दोन्ही टोकांना गाठी मारल्या. आई गेल्यापासून त्यानं मला लावलेला तो पहिला हात असावा.

जाळं होईपर्यंत मी अंगणात ओलं गोणपाट फेकायचो. शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडायची, "काय रं, गोनपाटात कोलंबी गावली का?" बाबा माझ्या पायांकडे बघायचा.

"हात घाई करतान तुजे," तो म्हणायचा. "आदी पाय. मंग कंबर. हाताला शेवटी कलू दे."

हे वाक्य मी खाडी ओलांडून घेऊन जायचो आणि संध्याकाळी सात नंबरच्या काठीवर लावायचो. काठी वर न्यायची, तिथं क्षणभर हातांना विसरायचं, आणि डाव्या टाचेनं जमीन दाबायची. कंबर आपोआप फिरते. हात ओढले जातात, कोपर बरगडीजवळून खाली येतं, मनगटं शेवटपर्यंत दुमडलेली राहतात. पहिल्या पंधरवड्यात टवका वीतभर मागून चार बोटं मागे आला, मग दोन बोटं. माघात एका संध्याकाळी टवका चेंडूच्या पुढे निघाला. आवाजच निराळा झाला, सुपारी फुटल्यासारखा. हातांना काही जाणवलंच नाही. चेंडू उंच गेला आणि खाडीच्या बाजूला, आमच्या डोंगरांसमोर, बराच वेळ दिसत राहिला. मी आजूबाजूला बघितलं. मैदानात कोणी नव्हतं. मी तो टवका उचलला, जागेवर बसवला आणि पायानं दाबला.

होळीनंतर परीक्षा झाली. दहातले आठ नीट बसले. सेक्रेटरीसाहेब "गुड" म्हणाले, मी "थँक्यू सर" म्हणालो. पाच वर्षांत त्या गृहस्थांशी झालेलं माझं ते पहिलं बोलणं.

मदतनिसाला सोमवारची सुट्टी नव्हती. मैदान बंद म्हणून त्याच दिवशी काठ्यांच्या मुठींचं चामडं बदलायचं, सैल झालेली लोखंडं मेणाच्या दोऱ्यानं बांधायची. सुट्टी बुधवारी अर्धा दिवस, त्यात जायचं-यायचं पाणी सापडायचं नाही. बाबानं ठरवलं होतं, चैत्रातल्या पुनवेच्या उधाणाला नवं जाळं पहिल्यांदा टाकायचं. ती पुनव सोमवारी आली. मी तांडेलाकडे निरोप धाडला, काम आहे, जमत नाही.

दोन दिवसांनी तांडेल म्हणाला, "तुजा बापूस पानी उतरंपरत काठाला बसला व्हता."

पुढच्या आठवड्यात तांडेलानं गोणपाटात गुंडाळलेलं बोचकं माझ्या दारात ठेवलं. नवं जाळं. बारीक, एकसारखी वीण, कडेला शिशाच्या गोळ्या चकचकीत.

"काय सांगितलंय?" मी विचारलं.

"काय नाय. त्याचं हाय, त्याला दे, म्हनला."

मी ते खिळ्याला टांगून ठेवलं. येता-जाता त्याच्याकडे बघणं टाळायचो. याच दिवसांत माझं बोलणं वाढलं होतं. लोक मला हाक मारत होते, पाय बघ, हात बघ म्हणत होते. संध्याकाळी घसा दुखायचा आणि त्याचंही मला कौतुक वाटायचं. पण खोलीवर आलो की तसाच एकटा. दिवसभर बोललो ते सगळं त्यांच्या हातापायांबद्दल. मी जेवलो का, हे कुणी विचारलेलं नसायचं.

पावसाळ्यात शेडमध्येच चेंडू मारायचे, समोर जाळं टांगून. जुनं जाळं कुजून गेलं होतं. उस्ताद नवीन मागवायचं म्हणत होता. कुणी मागितलं नसताना मीच म्हणालो, माझ्याकडे आहे. नुसतं पडून राहण्यापेक्षा कामाला येईल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो. टांगल्यावर ते छान दिसलं. चेंडू त्यात जाऊन अडकायचा आणि हळूच खाली पडायचा. महिन्याभरात मधोमध विणीची घरं तुटायला लागली.

नारळी पौर्णिमेच्या आधी, पाऊस जरा उघडल्यावर, बाबा आला. मी त्या नोकरीत लागल्यापासून तो पहिल्यांदाच पलीकडून आला होता. चार महिने मी घरी गेलो नव्हतो. मी एका नव्या मेंबरांना शिकवत होतो. त्यांच्या हातांची घाई सुटत नव्हती. मी म्हणालो, "पहले पैर, साब. फिर कमर. हाथ को आखिर में पता चलना चाहिए." आणि मागे वळलो तर शेडच्या दारात बाबा. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाकरीचं गाठोडं. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"पाच मिनटं बस, बाबा," मी म्हटलं. पाचाची वीस झाली. तो उकिडवा बसून समोरच्या जाळ्याकडे बघत होता.

मेंबर गेल्यावर तो उठला, जाळ्याजवळ गेला आणि तुटलेल्या घरांत बोटं घातली.

"फाटलंय," तो म्हणाला.

"हां. चेंडू जोरात बसतो."

"दोरा हाय?"

मी लोखंडं बांधायचा मेणाचा दोरा दिला. त्यानं तो दुहेरी केला आणि उभ्याउभ्या एकेक घर बांधत गेला. मी शेजारी उभा. जाळं टाकणं कशासाठी शिकलो ते आता तरी सांगावं असं मनात दहादा आलं. शिकवण्यात पटाईत झालेला मी, नुसता दोरा तोडून देत राहिलो. काम झाल्यावर तो बाजूला सरला.

"मार बगू एक."

मी चेंडू ठेवला आणि मारला. तो चेंडू कुठं गेला याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो माझे पाय बघत होता.

"पाय बराबर हाय," तो म्हणाला.

मग त्यानं कमरेची सुरी काढली आणि जाळ्याच्या कडेची एक गोळी कापून हातात घेतली. मग दुसरी.

"बाबा, शिसं कशाला काढतोस?"

"चेंडू लागून उडंल, कुनाचा डोला फुटंल." तो पुढची गोळी कापत होता. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आनि पान्यात काय जाचं नाय ते आता."

सगळ्या गोळ्या त्यानं डोक्याच्या फडक्यात बांधल्या. भाकरीचं गाठोडं माझ्यासाठी बाकावर ठेवलं. तेवढ्यात पुढचे मेंबर छत्री मिटत शेडमध्ये आले. मी म्हटलं, "थांब, मचव्यापर्यंत येतो."

"नको," तो म्हणाला. "तुजी मानसं थांबलीन." आणि फडकं खांद्यावर टाकून चिखलातून निघाला. शिशाला वजन असतं. त्याचा तो खांदा खाली गेलेला मला शेडच्या दारातून दिसत होता. मी वळलो आणि त्या मेंबरांना नमस्कार केला.

नंतर मी घरी जायचो, सवड आणि पाणी जुळेल तसं. आम्ही पुन्हा भरतीची वेळ बोलायला लागलो. जाळ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पाच-सहा वर्षांनी बाबा गेला, दोन दिवसांच्या तापानं. तांडेलाचा निरोप मिळून मी पोचेपर्यंत उशीर झाला होता.

तेरावं झालं, बहीण तळोज्याला परत गेली आणि मी घर आवरायला घेतलं. वळचणीला बाबाचं जाळं टांगलेलं होतं. त्याच्या कडेचं शिसं बऱ्याच ठिकाणी गळून गेलं होतं आणि तिथं त्यानं खापराचे तुकडे बांधले होते. त्याच्याच मागे ते फडकं सापडलं. गाठ सोडली. माझ्या जाळ्याच्या गोळ्या सगळ्या होत्या, त्यातली एकही त्यानं वापरली नव्हती. त्यांच्यात एक दोरी गुंडाळून ठेवलेली, दोन्ही टोकांना गाठी.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि हात पसरून दोरी ताणून बघितली. माप अजून बरोबर होतं. तसं मोठ्यानं म्हणालोही. ऐकायला घरात कोणी नव्हतं.